हिपॅटायटिस 'सी'च्या उपचारास औषधांची पुस्ती

हिपॅटायटिस 'सी'चे निदान होऊन ज्याच्या हाती बारा आठवड्यांच्या उपचारातील गोळ्यांची पहिली डबी पडली आहे, त्याच्या मनात, आणि त्याहूनही अधिक त्याच्या आप्तेष्टांच्या मनात, एक शंका हटकून डोकावते: वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून बसलेला हा विषाणू दिवसाकाठी एकदोन गोळ्यांनी खरोखरच निघून जाईल काय, आणि जायचाच असेल तर त्याला लवकर हुसकावण्यासाठी जोडीला आणखी काही घेऊ नये काय? शंका गैर नाही. तिला पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास केवळ हौशी रुग्णांचा नसून मोठमोठ्या विद्यापीठांतील यकृततज्ज्ञांचाही आहे. तेव्हा आपल्या डॉक्टरांसमोर हा प्रश्न मांडण्यापूर्वी अशा पुस्तीचे आजवर काय झाले, आणि आज ती कोठे उपयोगी व कोठे घातक ठरते, हे वाचकांनी समजून घेणे इष्ट होईल.

कोणत्याही औषधास सरकारदरबारी जी मंजुरी मिळते ती सरसकट नसते. अमुक रोगासाठी, अमुक मात्रेत, अमुक मुदतीपर्यंत, अशा शर्तींनी ती बांधलेली असते. या शर्तींबाहेर जाऊन डॉक्टरांनी ते औषध लिहून दिले म्हणजे तो 'ऑफ-लेबल' उपयोग झाला. त्यात लपवाछपवीचे काही आहे अशी कित्येकांची समजूत असते; ती चुकीची आहे. बालरोगांत आणि कर्करोगात असे उपयोग नित्याचेच आहेत, आणि पुष्कळदा आजचा मंजुरीबाहेरचा उपयोग उद्याचा मंजूर उपयोग ठरतो. फरक एवढाच की, मंजूर उपयोगाच्या पाठीशी गुण आणि दोष या दोहोंची छाननी केलेले दप्तर असते. मंजुरीबाहेर पाऊल टाकले की ती छाननी करण्याची जबाबदारी लिहून देणाऱ्यावर येते, आणि औषध गिळायचे रुग्णाला असल्यामुळे तिचा काही वाटा त्याच्याकडेही येतो.

हा विषाणू ओळखला गेला १९८९ साली. अमेरिकेत त्यावर इंटरफेरॉनला १९९१ मध्ये, इंटरफेरॉन आणि रिबाविरिन यांच्या जोडीला १९९८ मध्ये, आणि आठवड्यातून एकदाच टोचावयाच्या पेगिलेटेड इंटरफेरॉनला २००१ मध्ये मंजुरी मिळाली. त्यानंतरची दहा वर्षे हाच प्रमाण उपचार होता. तो घेणाऱ्यांनी काय सोसले याची कल्पना आजच्या रुग्णास येणे कठीण आहे. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्तक्षय आणि मनाला ग्रासणारी खिन्नता यांच्यासह अठ्ठेचाळीस आठवडे काढावयाचे, आणि विषाणू जनुकप्रकार १ चा असेल तर एवढे करूनही निम्म्याहून अधिक जणांच्या पदरी अपयश यावयाचे. आपल्याकडे बहुसंख्येने आढळणारा जनुकप्रकार ३ त्या मानाने उपचारास सोपा. त्यात चोवीस आठवड्यांत सुमारे तीनचतुर्थांश रुग्ण बरे होत. उपचारातील ही जी मोठी उणीव होती, तीच जोड-औषधांच्या साऱ्या खटाटोपाची जननी होय. शिवाय रिबाविरिनचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. एकटे दिले असता विषाणूचे प्रमाण फारसे न घटविणारे हे औषध इंटरफेरॉनच्या जोडीस येताच रोग उलटण्याचे प्रमाण घटविते, हे प्रयोगांती सिद्ध झाले होते. एका पुस्तीने बाजू उलटवली, तर दुसरी का उलटवणार नाही, असे वाटणे स्वाभाविक होते.

मग एकामागून एक उमेदवार पुढे आले. कंपवातावर दिले जाणारे अमान्टाडिन हे मुळात इन्फ्लुएंझाच्या विषाणूवरचे औषध, म्हणून ते याही विषाणूस लागू पडेल अशी अटकळ होती. मोठ्या प्रमाणावरील तुलनात्मक चाचण्यांत ती फोल ठरली. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनला दाद मिळत नाही त्यांना इंटरफेरॉनचाही गुण कमी येतो, असे दिसून आल्यावर स्पेनमधील संशोधकांनी मधुमेहावरील मेटफॉर्मिन जोडून पाहिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के रोगमुक्त झाले. पण रुग्णसंख्या सव्वाशेच्या आतबाहेर असल्याने हा फरक योगायोगाचा नाही असे छातीठोकपणे म्हणता येईना. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांची कथा अशीच. हा विषाणू आपल्या वाढीसाठी यकृतपेशीतील मेदयंत्रणेवर विसंबून असतो, त्यामुळे परीक्षानळीत स्टॅटिनने त्याला आवर बसे. रोग्याच्या शरीरात मात्र तेवढा परिणाम दिसेना.

इजिप्तमधील निटाझोक्सानाइडचे प्रकरण या बाबतीत विशेष बोधप्रद आहे. आतड्यातील परजीवींवरचे हे औषध तेथे प्रचलित असलेल्या जनुकप्रकार ४ च्या रुग्णांना नेहमीच्या उपचारासोबत दिले असता रोगमुक्तीचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ७९ टक्क्यांवर गेल्याचे २००९ साली जाहीर झाले. आकडे डोळे दिपवणारे खरे, पण तीन गटांत मिळून रुग्ण होते अवघे ९६. पुढे अमेरिकेत जनुकप्रकार १ च्या रुग्णांत लाभ बराच आखडला आणि खुद्द इजिप्तमधील नंतरच्या तुलनेतही पूर्वीचा चमत्कार दिसला नाही. ड जीवनसत्त्वाची वाटचालही याच रस्त्याने झाली. इस्रायलमध्ये २०११ साली ७२ रुग्णांच्या चाचणीत ते जोडल्यावर ८६ टक्के, आणि न जोडता ४२ टक्के बरे झाले. एवढा मोठा फायदा इतक्या स्वस्त वस्तूने होतो म्हटल्यावर पुष्कळ ठिकाणी ते सुरूही झाले, पण पुढील अभ्यासांनी या निष्कर्षास दुजोरा दिला नाही. माझ्या मते या प्रकरणांतून वाचकाने एवढी एकच सवय उचलावी: कोणी जोड-औषधाची टक्केवारी सांगू लागला की, ती किती रुग्णांवरची, तुलनेस दुसरा गट होता की नाही, आणि दुसऱ्या कोणी दुसऱ्या ठिकाणी तोच प्रयोग करून पाहिला काय, हे विचारावे. पहिल्या चाचणीचा झगझगाट दुसऱ्या चाचणीपर्यंत क्वचितच टिकतो.

विषाणूला मारण्यासाठी जोडलेली औषधे अशी बहुतांशी निष्फळ ठरली; परंतु रुग्णाला उपचार झेपावा म्हणून जोडलेल्या औषधांचा हिशेब निराळा आहे, आणि दोहोंची गल्लत करणे हा या विषयातील सर्वांत मोठा घोटाळा आहे. जर्मनीतील १८१ रुग्णांच्या एका चाचणीत इंटरफेरॉन सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून एसिटालोप्राम हे नैराश्यावरील औषध देण्यात आले, तेव्हा नैराश्य येण्याचे प्रमाण ५९ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर उतरले. या पुस्तीने विषाणूचे काही बिघडवले असा तिचा दावाच नव्हता; रुग्णाला वर्षभर तग धरता यावा एवढेच तिचे प्रयोजन, आणि तेवढे तिने पार पाडले.

रक्तक्षयासाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची हकीकत तर थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. रिबाविरिनमुळे तांबड्या पेशी फुटतात व हिमोग्लोबिन भराभर उतरते. अशा वेळी रिबाविरिनची मात्रा कमी केल्यास विषाणू निसटेल, या भीतीने मात्रा कायम ठेवून, मूत्रपिंडाच्या रोग्यांना देतात तेच महागडे इंजेक्शन दर आठवड्याला टोचण्याचा प्रघात पडला होता. इंजेक्शनाने हिमोग्लोबिन वर येई, रुग्णाला हुशारी वाटे, आणि त्यामुळे रोगही अधिक खात्रीने बरा होत असेल असे सर्वांनी गृहीत धरले. अखेर बोसेप्रेविर हे नवे औषध ज्यांच्या उपचारात समाविष्ट होते अशा ५०० रक्तक्षयग्रस्त रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले: एका गटाची रिबाविरिनची मात्रा घटवली, दुसऱ्यास इंजेक्शन दिले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत रोगमुक्तीचे प्रमाण ७१ टक्केच होते. म्हणजे जे काम एक गोळी कमी करून फुकटात होत होते, त्यासाठी लोक भरमसाट पैसे मोजत होते आणि वर रक्तात गुठळी होण्याचा धोका पत्करत होते. नवे औषध जोडण्याआधी चालू औषधांपैकी काही कमी करून भागेल काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. तो आधी विचारावयास हवा.

२०१३ च्या डिसेंबरात सोफोस्बुविरला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि पाहता पाहता हा सारा पट बदलला. तेथे बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर ठेवली गेली, म्हणजे एका गोळीस हजार डॉलर; तेच औषध भारतीय कंपन्यांनी २०१४ च्या परवान्यान्वये त्याच्या अल्पांश किमतीत बनवले. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे सरकारी उपचारकेंद्रांतून मोफत मिळतात. सिरोसिस नसलेल्यास सोफोस्बुविर व डाक्लाटास्विर, आणि सिरोसिस असूनही यकृताचे कार्य शाबूत असलेल्यास सोफोस्बुविर व वेल्पाटास्विर, अशी साधारण योजना आहे. दोहोंची मुदत बारा आठवडे. विषाणूवर थेट आघात करणाऱ्या या औषधांनी शंभरातील पंचाण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात. साहजिकच जोड-औषधांचे जुने समर्थन कोसळले. पंचाण्णवावर भर टाकण्यास जागा उरते ती अल्प. उलट नवी औषधे रक्तात किती शोषली जातात आणि किती वेगाने बाहेर टाकली जातात हे सोबतच्या गोळ्यांवर अवलंबून असल्यामुळे पंचाण्णवातून वजा होण्यास मात्र पुष्कळ जागा आहे.

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात टेबलावर रिकामी होणारी एखादी कापडी पिशवी पाहावी. तीत सोफोस्बुविर-वेल्पाटास्विरच्या डबीसोबत बहुधा पॅन्टोप्राझोलची पट्टी असते, 'गोळ्या गरम पडू नयेत' म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतलेली. पांढऱ्या द्रवरूप अँटासिडची बाटली असते. यकृतासाठी म्हणून सिलिमारिनच्या आणि अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या असतात. जीवनसत्त्वाची रंगीत कॅप्सूल असते, आणि तळाशी गुळवेलीच्या रसाची बाटली. यांपैकी एकही वस्तू चोरटी नाही, आणि प्रत्येक कोणी ना कोणी सद्हेतूने दिलेली आहे. तरीही पहिल्याच पट्टीने घात होऊ शकतो. वेल्पाटास्विर विरघळण्यास जठरातील आम्ल लागते. आम्ल दाबणारी गोळी आधीच पोटात असेल तर ते पुरेसे शोषले जात नाही. म्हणून ही गोळी वेल्पाटास्विरसोबत शक्यतो टाळावी असा दंडक आहे, आणि टाळता येतच नसेल तर वेल्पाटास्विर जेवणासह घेऊन चार तासांनी त्याच वर्गातील ओमेप्राझोलची २० मिलिग्रॅमची मात्रा घ्यावी, असे औषधाच्या माहितीपत्रकात नमूद आहे. द्रवरूप अँटासिड व वेल्पाटास्विर यांतही चार तासांचे अंतर हवे. डाक्लाटास्विर घेणाऱ्यास ही अडचण नाही. यासाठीच आपल्या डबीवर नेमके कोणते नाव आहे ते प्रत्येकाने वाचून ठेवावे.

याहून गंभीर अशी काही औषधे आहेत की, ती चालू असताना हा उपचार सुरूच करू नये. क्षयावरील रिफाम्पिसिन, अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन ही ती औषधे होत. ती शरीराची निचरायंत्रणा इतकी चेतवतात की नव्या औषधाचे रक्तातील प्रमाण कामापुरतेही राहत नाही. आपल्याकडे क्षयाचा प्रादुर्भाव पाहता ही गोष्ट पुस्तकी नाही. सामान्यतः क्षयाचा उपचार आधी पुरा करून मग हिपॅटायटिसचा हाती घेतात, आणि अपस्माराच्या रुग्णास मेंदुविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने दुसरी गोळी देता येते. परंतु रुग्णाने आपण होऊन फिटची गोळी बंद करणे हा आत्मघात होय. परदेशी राहणाऱ्या मराठी बांधवांनी तेथे दुकानात सर्रास मिळणारी सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती याच कारणासाठी वर्ज्य समजावी. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमायोडॅरोनची तऱ्हा निराळी. सोफोस्बुविरयुक्त उपचारासोबत ते घेतलेल्या नऊ रुग्णांची नाडी धोकादायक मंदावल्याचे, त्यांतील एकाचा मृत्यू झाल्याचे आणि तिघांना पेसमेकर बसवावा लागल्याचे २०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केले. हे औषध शरीरात महिनोन् महिने रेंगाळत असल्याने ते नुकतेच बंद केले असले तरी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. आणि जी स्टॅटिन औषधे एके काळी विषाणूविरुद्ध मदतनीस म्हणून मोठ्या आशेने जोडली जात, त्यांतील रोसुवास्टॅटिनची मात्रा वेल्पाटास्विरसोबत १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, असे आज बजावले जाते. कालाचा महिमा म्हणतात तो हाच.

आता पिशवीतील उरलेल्या वस्तूंकडे वळू. सिलिमारिनची अमेरिकेत कसोशीने परीक्षा झाली. इंटरफेरॉनला न जुमानलेल्या १५४ रुग्णांना चोवीस आठवडे नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक सिलिमारिन दिले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नकली गोळीहून त्याचा अधिक उपयोग झाला नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल आणि जपानमध्ये इंजेक्शनाच्या रूपाने पुष्कळ वापरले गेलेले ज्येष्ठमधाचे सत्त्व यांनी यकृताचे एन्झाइम उतरतात हे खरे, पण विषाणू जागच्या जागी राहतो, आणि येथेच खरा धोका आहे. अहवालातील आकडा खाली आलेला पाहून रुग्ण निर्धास्त होतो, पुढची तपासणी लांबणीवर टाकतो, आणि यकृताची झीज आत चालूच राहते. गुळवेलीविषयी लिहिले की काही वाचक रागावतील याची मला जाणीव आहे. परंतु २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी करोनाकाळात गुळवेलीचे नित्य सेवन केलेल्या काही रुग्णांत यकृतदाह आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. तो वाद तज्ज्ञ मिटवोत. ज्याचे यकृत आधीच आजारी आहे आणि ज्याच्या हाती गुणकारी औषध आहे, त्याने बारा आठवडे ही जोखीम अंगावर घेऊ नये, एवढे म्हणण्यास तो वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

याचा अर्थ कोणतीच पुस्ती जोडू नये असा मात्र नव्हे. जलोदर झालेल्या किंवा यकृताचे कार्य ढासळलेल्या सिरोसिसच्या रुग्णांत सोफोस्बुविर-वेल्पाटास्विर बारा आठवडे दिले असता ८३ टक्के, आणि त्यासोबत रिबाविरिन दिले असता ९४ टक्के रोगमुक्त झाल्याचे २०१५ च्या २६७ रुग्णांच्या चाचणीत दिसले. त्यातही जनुकप्रकार ३ च्या मोजक्या रुग्णांत हाच फरक ५० आणि ८५ टक्के एवढा मोठा होता. येथे जोड-औषध मंजुरीच्या चौकटीत आहे, त्यास पुरावा आहे, आणि ते नाकारणे अहिताचे आहे. फक्त गर्भास ते घातक असल्याने उपचाराच्या काळात आणि त्यानंतर स्त्री रुग्णाने नऊ महिने व पुरुष रुग्णाच्या जोडीदाराने सहा महिने गर्भधारणा कटाक्षाने टाळावी. तसेच हिपॅटायटिस 'बी'ची तपासणी उपचारापूर्वी झालीच पाहिजे, कारण 'सी' हटल्यावर दबलेला 'बी' उसळून काही रुग्ण दगावल्याने २०१६ साली अमेरिकेत या औषधांवर ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले. 'बी'चा विषाणू आढळल्यास डॉक्टर त्यावरील वेगळी गोळी जोडतात, ती घ्यावी. मधुमेहींनी साखर वारंवार मोजावी. विषाणू ओसरू लागला की इन्सुलिनला दाद मिळू लागते, आणि चालू गोळ्यांची मात्रा कमी करण्याची पाळी येऊ शकते.

तेव्हा उपचार सुरू होण्याच्या दिवशी, आयुर्वेदिक काढ्यापासून झोपेच्या गोळीपर्यंत घरातील प्रत्येक औषध पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावे; नुसत्या आठवणीवर विसंबू नये. औषधांचे परस्परसंबंध तपासण्यासाठी लिव्हरपूल विद्यापीठाची सूची सर्वांना मोफत खुली आहे, आणि डॉक्टरांना ती पाहण्याची विनंती करण्यात संकोचाचे कारण नाही. कोणी जोड-औषध सुचवल्यास, ते विषाणूसाठी आहे की माझ्या शरीराला उपचार झेपावा म्हणून, त्याचा गुण आला हे कोणत्या तपासणीने कळणार, आणि ते केव्हा बंद करावयाचे, असे तीन सवाल नम्रपणे विचारावेत. ज्याचे उत्तर 'घेऊन तर पाहा' एवढेच असेल, ते औषध बारा आठवडे थांबू शकते. पहिला उपचार निष्फळ झाला तरी स्वतः पुस्ती जोडत बसण्याची गरज नाही. सोफोस्बुविर, वेल्पाटास्विर व व्हॉक्सिलाप्रेविर असा तीन औषधांचा पुनरुपचार अमेरिकेत २०१७ पासून मंजूर आहे आणि यकृताचे कार्य शाबूत असलेल्या बहुतेकांना तो लागू पडतो.

शेवटची गोळी घेतल्यावर बारा आठवड्यांनी विषाणूची 'एचसीव्ही आरएनए' तपासणी अवश्य करून घ्या. तीत विषाणू न आढळणे हाच रोगमुक्तीचा दाखला. अँटिबॉडीची चाचणी पुढेही जन्मभर होकारार्थी येत राहील, तिने घाबरू नका. मात्र सिरोसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी चालू ठेवा.